शहापूरकर अलिबागला जेवायला जातात

मुंबईत कुणाच्याही घरी माशाचं कालवण शिजलं की त्यात शहापूरचा वाटा असतोच. मासा भाऊच्या धक्क्याचा असेल, मसाला सासूबाईंच्या हातचा असेल, पण मासा धुतला जातो आणि कालवण वाढवलं जातं ते बहुतेक आमच्या पाण्यानं. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मं एकट्या भातसा धरणातून जातं. तानसा तलाव तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतोय. आयत्या वेळी दोन पाहुणे वाढले की मुंबईची गृहिणी कालवणात जे ओतते, ते शहापूर तालुक्यातून गेलेलं असतं. पाहुणा "कोलंबी झकास होती" म्हणून हात धुतो. हात धुतो तेही आमच्याच पाण्यानं. आमच्या पाड्यांवरचे हंडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत रांगेत बसलेले असतात, पण ते काही बोलत नाहीत.

एवढं पाणी घेतल्यावर मुंबईनं काहीतरी परत द्यावं ही रीतच आहे. मुंबई आम्हाला मासे पाठवते. बोटीवरून उतरलेला मासा लिलावातून सुटतो, कल्याणच्या बाजारात मुक्काम करतो, तिथून टेम्पोनं किंवा लोकलच्या मालडब्यातून आसनगावला उतरतो आणि रिक्षानं शहापूरच्या बाजारात येतो. इतका प्रवास आमच्यातल्या पुष्कळांनी केलेला नसतो. टोपलीत बर्फ आणि मासा शेजारी शेजारी असतात आणि दोघांत बर्फ जास्त ताजा असतो. मासेवाली म्हणते, "डोळे बघा भाऊ, डोळे!" मी बघतो. कसारा लोकल चुकलेल्या माणसाचे डोळे आणि हे डोळे मला वेगळे वाटत नाहीत.

म्हणून आमचे खरे मासे दोनच. एक सुका आणि दुसरा वलगणीचा. सुक्याची खरेदी आगोटीला, म्हणजे मे महिन्यात पाऊस तोंडावर आला की. सुके बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या यांनी डबे भरले की आमच्याकडच्या बाईला पावसाची भीती उरत नाही. आणि वलगण म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात ओढे फुगले की नदीतले मासे उलटे चढून भाताच्या खाचरांकडे यायला निघतात, ती रात्र. त्या रात्री सगळा गाव बॅटऱ्या आणि जाळी घेऊन ओढ्यावर असतो. मळे, मुऱ्या, शिंगाळे, नशीब असेल तर मरळ. वलगणीच्या रात्री गावात कुणी वारलं तर माणसं गोळा करणं अवघड जाईल.

पण समुद्राचा ओला मासा समुद्राच्या कडेला बसून खायचा, ही इच्छा डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या मनात असतेच. समुद्रावर राहणारी माणसं सुट्टीत माहुली किल्ला चढायला येतात आणि निम्म्या वाटेवर बसून "अजून किती आहे हो?" विचारतात. आम्ही उलटे उतरतो. शहापूरकराला समुद्रात पोहायचं नसतं, सूर्यास्त बघायचा नसतो, स्पीडबोटीत बसायचं तर मुळीच नसतं. त्याला जेवायचं असतं.

आमची गाडी ठरली अलिबागची. मंडळी चार. एक मी. दुसरे गुरुजी. निवृत्त झाले तरी समोर कुणी बसलेलं दिसलं की शिकवायला लागतात. तिसरे माझे मुरबाडचे मेहुणे. मुरबाडला रेल्वे येणार, हे ऐकत त्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले, त्यामुळे 'येणार', 'येतंय', 'निघालंय' या क्रियापदांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. वस्तू समोर आल्याशिवाय ते मान डोलावत नाहीत. चौथ्या किन्हवलीच्या काकू. काकूंनी आयुष्यात सुका मासा जितका हाताळलाय तितका पोस्टमननं टपाल हाताळलं नसेल. शिवाय गाडी चालवायला माझा भाचा. तो जेवायला येत नव्हता, जेवणाचे फोटो काढायला येत होता.

पहिली अडचण वाराची. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, हे कुठल्याही मराठी घरात ठरलेलंच. मंगळवारी मेहुण्यांचा गणपती, शुक्रवारी काकूंची देवी. रविवारी देव कुणाचाच नव्हता, पण त्या दिवशी अख्खी मुंबई आणि पुणं अलिबागच्या रस्त्यावर असतं. उरला बुधवार. बुधवारी संकष्टी किंवा एकादशी येत नाही ना, हे गुरुजींनी कालनिर्णयात दोनदा बघितलं आणि फेब्रुवारीअखेरचा एक बुधवार पक्का झाला. मत्स्याहारी माणसाला आपल्याकडे लोक चैनी समजतात. तो आठवड्यात किती देवांची मर्जी सांभाळून एक बोंबील खातो, हे कुणी बघत नाही.

पडघा, कल्याण, शिळफाटा, पनवेल, पेण असं करत वडखळला पोचलो. मधला रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा. त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. मेहुणे त्या रस्त्यावर एकदम खुलले. आपल्या रेल्वेला सोबत आहे हे बघून माणसाला बरं वाटतं. वडखळला वळलं की पोयनाड, मग कार्लेखिंड आणि खिंड उतरली की अलिबाग. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. या कांद्याला जीआय मानांकन आहे, असं गुरुजींनी सांगितलं. काकूंनी गाडी थांबवून एक कांदा हातात घेतला, वास घेतला आणि माळ विकत घेतली. मानांकनाचं कागदपत्र त्यांनी मागितलं नाही.

अलिबागचं नाव सबंध देशात एका वेगळ्याच कारणानं पोचलंय. कुणाला वेड्यात काढायचं असलं की हिंदीत 'अलिबागसे आया है क्या' असं विचारतात. एका अलिबागकरानं याविरुद्ध थेट मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. २०१९ मध्ये न्यायालयानं ती याचिका फेटाळली. मला त्या गृहस्थाबद्दल सहानुभूती आहे, पण दुपारी बारा वाजता अलिबागच्या बाजारातून ताज्या माशाचा वास घेत चालताना असं वाटलं की त्यांनी न्यायालयात जायला नको होतं. विचारणाऱ्याला घरी जेवायला बोलवायला हवं होतं.

गुरुजींना आधी चुंबकीय वेधशाळा बघायची होती. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, त्यानं कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आणली. म्हणजे मुंबईच्या धावपळीला कंटाळून अलिबागला येऊन राहिलेली पहिली वस्तू म्हणजे लोहचुंबक. फार्महाऊसवाले नंतर आले. माहिती उत्तम होती, पण भुकेल्या माणसाला लोहचुंबक ओढत नाही. आम्ही जेवणाच्या शोधाला लागलो.

पहिलं हॉटेल भाच्यानं मोबाईलवर शोधलं. बाहेर लाकडी नांगर, आत जाळी टांगलेली, भिंतीवर बोटीचं सुकाणू. एवढी सगळी हत्यारं भिंतीवर असतील तर मासे पकडायला कोण गेलंय, असं मेहुण्यांनी विचारलं. मेनूकार्ड आलं. भाजी, डाळ, रोटी, पाण्याची बाटली, सगळ्यांपुढे भाव छापलेले. पापलेट, सुरमई, लॉबस्टर यांच्यापुढे फक्त 'आकारानुसार'. मग वेटर एक ताट घेऊन आला. ताटात कच्चे मासे, वरून प्लास्टिकचा कागद ताणलेला.

"ह्याचं किती?" मेहुण्यांनी एका पापलेटाकडे बोट केलं.

"साईजवर आहे सर."

"साईज तर समोरच आहे."

"वजन करावं लागेल."

"मग करा."

"वजन केल्यावर घ्यावं लागेल सर."

मेहुणे माझ्याकडे बघून म्हणाले, "आधी जमीन संपादन, मग भाव. मुरबाडला असंच होतं."

तेवढ्यात काकूंनी प्लास्टिकच्या कडेनं बोट आत सारलं आणि पापलेट दाबून बघितलं. दाबलेला खड्डा तसाच राहिला. ताज्या माशात बोट उचललं की खड्डा भरून येतो, कल्ले लाल असतात, डोळे वर आलेले असतात. काकूंनी कल्ले उघडायचे कष्ट घेतले नाहीत. "ह्याला मी गेल्या आठवड्यात शहापूरच्या बाजारात बघितलाय," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलली.

बाहेर आल्यावर गुरुजींनी पापलेटाची बाजू घेतली. २०२३ मध्ये सरकारनं त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केलंय. पिल्लं असतानाच पकडली जातात, त्यामुळे ते कमी होत चाललंय, म्हणून त्याला हा मान. मान मोठाच आहे. पण राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियाल यांना हात लावला तर वनखातं दारात उभं राहतं. राज्यमाशाला मात्र हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तळतात आणि वर लिंबू पिळतात. राजमान्यता मिळाल्यावर तळला जाणारा हा महाराष्ट्रातला एकमेव मानकरी असावा.

नंतर बाजारामागच्या गल्लीत एक खानावळ सापडली. घराच्या ओटीवर चार टेबलं, दारात काळा फळा, त्यावर खडूनं: बोंबील, मांदेली, बांगडा, कोलंबी. भाव समोर लिहिलेले. बुधवार असल्यामुळे आमच्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. मालक पंखा लावून आमच्यापाशीच येऊन बसले.

"कुठून आलात?"

"शहापूर," गुरुजी म्हणाले.

"अरे, म्हणजे आपलेच की!" मालक उठून उभे राहिले. "मला वाटलं पर्यटक. यंदा खांड गेली का हो तुमच्याकडं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इथे थोडं भूगोलाचं बोललं पाहिजे. शहापूर नावाचं एक गाव अलिबाग तालुक्यातही आहे, धेरंडच्या शेजारी. खाडीलगतच्या खारभूमीवर बांध घालून तिथली माणसं भात पिकवतात. समुद्राला उधाण आलं की कधी कधी बांधाला खांड पडते आणि खारं पाणी शेतात शिरतं. तिथल्या घराघरांना तळी आहेत आणि त्या तळ्यांत जिताडा पोसतात. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरून तळ्यात सोडायची आणि सवडीनं वाढवायची. जिताडा म्हणजे त्या भागाचा राजा मासा. सरकारी काम अडलं की साहेबाच्या घरी जिताडा पोचवायचा, असं तिकडे गमतीनं सांगतात. तर मालकांच्या डोक्यात ते शहापूर होतं आणि आम्ही होतो माहुलीखालचे.

गुरुजी सत्यवचनी. खोटं बोलवत नाही, पण पोटात कावळे. "पाण्याचा त्रास आहेच," ते जपून म्हणाले.

"उधाणाचं आत येतं ना?"

"आमच्याकडचं येत नाही," मेहुणे म्हणाले, "जातं."

मालकांना हा विनोद फार आवडला. "आणि जिताडा? तुम्हाला काय म्हणा, घरच्या तळ्यात असणार."

"यंदा नाय सोडला," काकू गंभीरपणे म्हणाल्या. यात एक शब्द खोटा नव्हता. त्याआधीच्या कुठल्या वर्षी सोडला होता, हे मालकांनी विचारलं नाही.

गैरसमज दूर करावा हे खरं. पण ज्या गैरसमजातून ताजा मासा मिळण्याची शक्यता असते, तो जेवणाआधी दूर करण्यात काही शहाणपण नाही. कारण मालक आता खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलायला लागले होते. "तुमच्याशी खोटं कशाला बोलू? सुरमई आहे, पण फळ्यावर लिहिली नाही. कालची आहे. कुणी मागितलीच तर देतो. पापलेट फ्रीजमध्ये. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं दुसरं काही मागतच नाहीत, मग ठेवावं लागतं. बोंबील मात्र सकाळी वरसोलीचे आलेत. आणि मांदेली."

वेटर 'एकदम फ्रेश आहे सर' म्हणतो तेव्हा त्यात माहिती काहीच नसते. शिळं आहे असं सांगणारा वेटर अजून कुणी बघितलेला नाही. माणूस 'हे कालचं आहे' असं एका माशाबद्दल सांगतो, तेव्हाच बाकीच्या माशांबद्दल तो जे सांगेल ते खरं धरायचं.

तरी काकूंचं समाधान झालं नव्हतं. त्या उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. आमच्याकडे बायका परक्या घरात पहिलं स्वयंपाकघर बघतात आणि मग ओटीवर बसतात. आत मालकांच्या सौभाग्यवती चुलीपाशी होत्या.

"काय गं बाय, तुम्ही आज काय जेवलात?"

"अजून कुठं जेवतोय. गिऱ्हाईक उरकलं की."

"पण टोपात काय हाय तुमच्या?"

"आमचं काय, बोंबलाचं कालवण आणि भात. जवळा परतलाय थोडा."

"मंग तेच वाढ आम्हाला. वरनं चार बोंबील तळ आणि मांदेली."

एवढ्या मोठ्या मेनूचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. गुरुजींनी नंतर कबूल केलं की इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका नेमका प्रश्न परीक्षेत काढता आला नव्हता.

काकू आत उभ्या राहून बघत होत्या आणि मी दाराशी. ओला बोंबील हातात धरवत नाही. अंगात पाणीच पाणी. डोकं, शेपूट आणि पोट काढून तो उभा चिरायचा, मधला काटा सोडवायचा आणि पुस्तक उघडावं तसा उघडून फडक्यात ठेवायचा. वरून दुसरं फडकं आणि त्यावर पाटा. पाट्याखाली अर्धा तास पाणी गळून जातं. हे पाणी गाळल्याशिवाय तळायला घेतलं तर तव्यावर बोंबील तळला जात नाही, पोहतो. वहिनींनी पाटा उचलला तेव्हा बोंबील चपटे आणि शहाणे झाले होते. त्यांना आलं-लसूण, हळद, घरचा मसाला आणि चिंचेचा कोळ लागला, मग तांदळाच्या पिठात घोळले गेले आणि तेलात पडले. कडा तपकिरी झाल्या की उलटायचे, एकदाच. दोनदा उलटणारी बाई घाईत असते, असं काकूंचं म्हणणं पडलं आणि वहिनींनी मान हलवली. तिथून पुढे दोघींची मैत्री झाली.

ताटं आली. तांदळाची भाकरी, वाफेचा भात, वाटीत लालभडक कालवण, बाजूला जवळा, पांढऱ्या कांद्याची फोड, सोलकढी. कालवणात नारळ नाही. ठेचलेला लसूण, आगरी मसाला, चिंच आणि वरून कोथिंबीर. भाताच्या आळ्यात कालवण ओतलं आणि त्यात बोंबील मोडला. बोंबील मोडावा लागत नाही खरं तर. बोट लावलं की तो स्वतःहून बाजूला होतो. तळलेला मात्र वरून कुरकुरीत, आत लोण्याहून मऊ. मांदेलीचा आकार करंगळीएवढा, पण तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत खाता येते. इतका निरपेक्ष मासा दुसरा नाही. मागे काहीच ठेवत नाही.

भाच्यानं मोबाईल काढला होता. पण पहिला घास घेतला आणि मग उजवा हात कालवणात होता, डाव्या हातात भाकरी होती. त्या जेवणाचा एकही फोटो निघाला नाही. जेवण चांगलं होतं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मासे खाणाऱ्यांच्या जाती असतात, त्या अशा ताटाभोवती बसल्यावर कळतात. काही जण तळलेला तुकडा शेवटासाठी राखून ठेवतात. हे आशावादी. काही जण तो आधी संपवतात, कारण शेजारी मेहुणे बसलेले असतात. हे अनुभवी. गुरुजी काटे ताटाच्या कडेला लहान-मोठे असे क्रमानं लावतात. मेहुणे काट्यांची दखलच घेत नाहीत. काकू काटे चोखून ठेवतात आणि त्यांच्या ताटातला काटा मांजरही घेत नाही. माणसाचा स्वभाव पत्रिकेत बघण्यापेक्षा मुलाला मुलीकडच्यांनी एकदा बोंबील वाढून बघावा.

जेवणानंतर काकू आणि वहिनी मागच्या अंगणात बसल्या. सुक्या बोंबलाच्या गप्पा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर टांगायची, उन्हात वाऱ्यावर. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे जोडी सुटत नाही. लग्नात अक्षता टाकतात त्याऐवजी हे दाखवायला हवं. वाळला की अंगातलं पाणी जातं आणि हातभर बोंबलाची काडी होते. मग तो घाटमाथ्यापर्यंत जाऊ शकतो, शहापूर-मुरबाड तर मधलीच गावं. काकूंनी सवयीनं विचारलं, "सुक्याचा भाव काय चाललाय गं यंदा?"

वहिनी हसायला लागल्या. "तुम्ही त्या शहापूरच्या नव्हेत," त्या म्हणाल्या. "ज्या घरात जिताड्याचं तळं असतं, तिथली बाई सुक्या बोंबलाचा भाव विचारत नाय."

काकूंनी मग सगळं सांगितलं. माहुली, भातसा, वलगण. वहिनींना वलगण ठाऊक होती, त्यांच्या माहेरी ओढ्यात मासे चढतात. जून उजाडला की या, असं काकूंनी निमंत्रणही दिलं. यात निसर्गाची सोयही बघा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नेमकं तेव्हाच आमचे ओढे उघडतात. गुरुजींनी इथे एक शंका काढली की समुद्रातला मासा अंडी घालतो तेव्हा सरकार त्याला सोडून देतं, आणि आपला मासा अंडी घालायला खाचरात चढतो तेव्हा आपण नेमके बॅटरी घेऊन उभे असतो. हे कुठल्या शास्त्रात बसतं? कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणून सगळ्यांनी सोलकढी पुन्हा मागवली.

पाच माणसांच्या जेवणाचं बिल आलं. पहिल्या हॉटेलातलं एक पापलेट वजनकाट्यावर चढलं असतं, तर बहुधा त्याच्या आत हे सगळं बसलं असतं. मालकांना शहापूरचा घोळ कळला होता, पण त्यांनी भाव बदलला नाही. उलट म्हणाले, "मुंबईला पाणी पाजता म्हणजे तुमचे आमच्यावर उपकार. ती माणसं तहानलेली इकडं आली असती तर आमचं काय झालं असतं?"

तेव्हा समुद्राकाठच्या गावी जेवायला जाणाऱ्या डोंगराकडच्या मंडळींना चार गोष्टी सांगून ठेवतो. जून-जुलैत जाऊ नका. तेव्हा ताटात बर्फातला मासा येण्याचीच शक्यता जास्त. जमलं तर आडवारी जा, मालकाला बोलायला सवड असते. 'आकारानुसार' लिहिलेलं काही मागवायचंच असेल तर भूक लागण्याआधी मागवा, भुकेल्या माणसाला आकाराचा अंदाज राहत नाही. ताजा कोणता, हे विचारू नका. तुम्ही स्वतः आज काय जेवणार, हे विचारा आणि तेच मागा. आणि कुठून आलात असं कुणी विचारलं, तर बेलाशक शहापूर सांगा. कोणतं शहापूर, ते जेवण झाल्यावर सांगितलं तरी चालतं.